शनिवारचे बारा ठिपके

विष्णुपुरीत मी ज्या घरात भाड्यानं राहत होते, त्या घराच्या मालकीणबाई दर शनिवारी भर दुपारी दारात रांगोळी काढायच्या. लोक सकाळी काढतात, सणासुदीला संध्याकाळी काढतात. ह्या दुपारी तीनला काढायच्या, कुत्रीसुद्धा सावलीतून हलत नाहीत त्या वेळेला. आणि रांगोळी म्हणजे काय, तर बारा ठिपके. तीन-तीनच्या चार ओळी, ओळीतला प्रत्येक ठिपका शेजारच्यापेक्षा जरासा मागं सरकवलेला, आणि प्रत्येकाखाली एक आकडा. रविवार संध्याकाळपर्यंत त्यावर कुणी पाय द्यायचा नाही. दूधवाला उडी मारून यायचा. मीटर बघायला येणारा माणूस पहिल्यांदा त्यावर उभा राहिला, तेव्हा त्यानं जे ऐकून घेतलं ते त्याच्या सासूनंही त्याला ऐकवलं नसेल.

गल्लीतल्या बायकांची समजूत होती की हे शनीचं व्रत आहे. समोरच्या बाईंनी तर बघून बघून आपल्याही दारात बारा ठिपके काढायला सुरुवात केली, मुलाला नोकरी लागावी म्हणून. आकडेसुद्धा इथले बघून तसेच लिहायच्या. मी मालकीणबाईंना म्हटलं, "सिस्टर, त्यांना सांगा की खरं काय ते." तर म्हणाल्या, "काढू दे की. आपलं काय जातंय?" त्या पोराला पाच महिन्यांत नोकरी लागली. मग काय, पलीकडच्या दोन घरांतही ठिपके आले.

खरी गोष्ट अशी, की ते ठिपके म्हणजे मोटरसायकलच्या ग्रां प्री शर्यतीत दुसऱ्या दिवशी कोण कुठून सुटणार त्याचा नकाशा होता, आणि खालचे आकडे स्वारांच्या गाड्यांचे नंबर. शनिवारी क्वालिफाइंग असतं. ज्याची एक फेरी सगळ्यांत कमी वेळात, तो रविवारी पहिल्या जागेवर. साठी उलटलेली, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात इष्टलिंग, अंगावर पांढरी साडी, अशी ही आमची घरमालकीण त्या शर्यतींची भक्त होती. त्यातही शर्यतीची नाही, फक्त क्वालिफाइंगची. रविवारची शर्यत तिनं कधी बघितली नाही. शनिवारी संध्याकाळी एक छोटी शर्यत असते, तीही नाही. तेवढ्यात त्या भाजी आणायला जायच्या.

सगळं जग त्यांना सिस्टर म्हणायचं, कारण तीस-बत्तीस वर्षं त्या सरकारी नर्स होत्या. उदगीरकडच्या, आणि नंतर देगलूरकडच्या खेड्यांत. माहेर उदगीरचं, दुकानदार लिंगायत घर. नवरा लग्नानंतर चार वर्षांत गेला, मूल नव्हतं. नोकरीतल्या बदल्यांनी शेवटी नांदेड दाखवलं आणि विष्णुपुरीत दोन खोल्या खाली, दोन वर, एवढं घर बांधून त्या राहिल्या. मी नर्सिंगचा कोर्स करायला देगलूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून आले, तेव्हा वरची एक खोली मला मिळाली. खोली देताना त्यांनी दोनच प्रश्न विचारले. एक, मांसमच्छी करणार का. आणि दोन, शनिवारी दुपारी मोठ्यानं बोलायची सवय आहे का.

मी म्हटलं, शनिवारी दुपारी म्हणजे?

"कळंल," म्हणाल्या.

कळलं. पहिल्याच शनिवारी कळलं. खालच्या खोलीत टीव्ही लावलेला, पंखा बंद. पंख्याच्या आवाजानं त्यांना म्हणे गिअर बदललेला ऐकू येत नसे. गॅसवरचा कुकर उतरवलेला. त्या लोखंडी स्टुलावर ताठ बसलेल्या आणि छातीवर पिनेनं लावलेलं, नाडी मोजायचं उलटं घड्याळ हातात घेतलेलं. टीव्हीवर सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत वेळ दिसत असते, तरी ह्या आपलं घड्याळ धरायच्या. म्हणायच्या, "त्यांचं त्यांच्यापाशी. आपलं आपल्यापाशी असू द्यावं." पहिला भाग पंधरा मिनिटांचा, मग दहा मिनिटांची सुट्टी, मग पुन्हा पंधरा मिनिटं. चहा त्या दहा मिनिटांतच व्हायचा आणि संपायचा. मला चहा करायचं काम मिळालं आणि मी त्या मंडळात कायमची दाखल झाले.

मंडळ म्हणजे आम्ही तिघं. त्या, मी, आणि नाक्यावरच्या टायरच्या दुकानाचे चाचा. चाचा शनिवारी दोन वाजता दुकानाचं शटर अर्धं ओढून यायचे. ह्या नादाला सिस्टरना लावलं ते त्यांनीच. रिटायर झाल्यावर एका शनिवारी सिस्टर गाडीचं पंक्चर काढायला दुकानात बसल्या होत्या आणि चाचा मोबाइलवर हे बघत होते. कोपऱ्यात वेळ पळत होती, एक माणूस एकटाच मोकळ्या रस्त्यावर वाकून गाडी पळवत होता. सिस्टरनी विचारलं, हा एकटाच कुणाशी पळायलाय? चाचा म्हणाले, घड्याळाशी. पंक्चर कधीच निघालं होतं, पण बाई उठेना.

मला त्याचं कारण त्यांनी एकदा सांगितलं. खेड्यात लसीकरणाचा दिवस असला की त्या आरोग्य केंद्रातून लसीचा डबा मोपेडला बांधून निघायच्या. डब्यात बर्फाच्या पिशव्या. पुढचं गाव बारा किलोमीटर, त्याच्या पुढचं आणखी सात. रस्ता म्हणजे नुसता मुरूम. "बर्फ कुणासाठी थांबत न्हाई गं. तुला कुणाच्या पुढं जायचं नसतंय, कुणी मागं लागलेलं नसतंय. तू, गाडी आन् तो बर्फ. तीस वर्षं मी हेच केलंय. मला कुणी टीव्हीवर दाखवलं न्हाई, एवढंच."

आणि रविवार का नाही? यावर त्यांचं आणि चाचांचं दर आठवड्याला भांडण.

"रविवारी पुढचा पडला की मागचा पहिला येतोय. त्यात त्याचं काय कर्तृत्व? शनिवारी रस्ता मोकळा, गाडी तुझी, घड्याळ समोर. आता दाव म्हणावं काय दावायचं ते."

"लेकिन आपा, बक्षीस तर रविवारीच भेटतंय ना?"

"तुम्ही बक्षिसासाठी बघताव का?"

"हौ."

"मग जावा, तुमच्या दुकानात बघा."

आणि चाचा रविवारी खरंच आपल्या दुकानात बघायचे, एकटे.

स्वारांची परदेशी नावं सिस्टरच्या तोंडी बसत नव्हती, म्हणून त्यांनी सगळ्यांचं बारसं केलं होतं. एकजण प्रत्येक वळण त्याच रेषेत घ्यायचा, दर फेरीला, वीतभरही इकडंतिकडं नाही. तो गुरुजी. एक नुसता ताकदीवर गाडी ओढायचा आणि आत गॅरेजमध्ये येऊन कुणाशी बोलायचा नाही, तो पाटील. एक सदान्‌कदा आपल्या मेकॅनिकांवर चिडलेला, हेल्मेट काढून बाजूला तोंड करून बसलेला, तो जावईबापू. "रुसले बघा जावईबापू. आता सगळी फॅक्टरी मनधरणी करंल." चाचांचा एक लाडका होता, त्याचं नाव चाचांनीच ठेवलं, नवाब. तो मला आवडायचा, दिसायला बरा होता. हे मी एकदा बोलून गेले, तर वर्षभर त्यावरून टोमणे खाल्ले.

ह्या नवाबाला एक खोड होती. चांगली फेरी मारायची वेळ आली की तो रस्त्यात हळू होऊन मागं वळून बघत बसायचा. कुणी वेगवान माणूस मागून आला, की त्याच्या मागं लागायचा. पुढच्यानं वारा कापलेला असतो, त्यामुळं मागच्याची वेळ आपोआप चांगली येते. एका शनिवारी त्यानं शेवटच्या दोन मिनिटांत गुरुजींच्या मागं लागून पहिली जागा काढली. चाचा उठून उभे राहिले, टाळ्या वाजवल्या. सिस्टर उठल्या. रांगोळीचा डबा घेतला, बाहेर गेल्या आणि अकराच ठिपके काढून आत आल्या. पहिली जागा रिकामी.

"आपा, ये क्या? पहिला कुठाय?"

"पहिला कुणी आला न्हाई आज."

"अरे! टीव्हीवर लिहून आलंय, आपा!"

"टीव्हीवर काय बी येतंय. दुसऱ्याच्या मागं लागून आणलेली वेळ माझ्या दारात न्हाई लागायची."

"नियमात हाय ते! नियमात बसतंय!"

"नियमात बसतंय. माझ्या मनात बसत न्हाई."

चाचांनी स्वतः चिमटीत रांगोळी घेतली आणि पहिला ठिपका काढला. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा रांगोळी हातात धरली होती, ठिपका केवढा पडला, तर पुरीएवढा. सिस्टरनी तो पुसला नाही, पण चार दिवस चाचांशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी चाचांना ताप आला, तेव्हा ह्याच थर्मामीटर घेऊन गेल्या आणि ताप मोजता मोजता पुन्हा तेच भांडण उकरून काढलं.

दुसरी एक गोष्ट सांगायला पाहिजे. रस्त्यात कुठं कुणी पडलं, की तिथं पिवळा झेंडा दाखवतात. तो झेंडा दिसत असताना तिथून जो कुणी गेला, त्याची ती फेरी रद्द. त्याची चूक असो नसो. एकदा पाटील अशी फेरी मारत होता की आम्ही तिघंही बसल्या जागेच्या कडेवर आलो होतो. प्रत्येक टप्प्यावर सगळ्यांपेक्षा पुढं. आणि शेवटच्या वळणाला जावईबापू घसरून मातीत गेले. पिवळा झेंडा. पाटलाची वेळ दोन सेकंद पहिल्या क्रमांकावर दिसली आणि पुसली गेली. पाटील शेवटी सातव्या जागेवर.

मी चिडले. म्हटलं, "हा काय न्याय झाला? तो काही जावईबापूंच्या अंगावर गेला नव्हता. त्यानं झेंडा बघितलासुद्धा नसेल."

"मग बघायला पाहिजे होता," सिस्टर म्हणाल्या.

"एवढ्या वेगात?"

"एवढ्या वेगात. तिथं माणूस पडलाय पोरी. मातीत पडलाय. तुझी वेळ काय, पुढच्या शनिवारी येईल." मग रांगोळीचा डबा उचलत म्हणाल्या, "मला ह्या सगळ्या खेळात तो एक नियम लई आवडतोय." आणि त्यांनी पाटलाला सातवा ठिपका दिला.

आता माझं सांगते. त्याशिवाय सिस्टर पुऱ्या कळायच्या नाहीत.

मला गाडी येत नव्हती. येत नव्हती म्हणजे मी शिकणारच नव्हते. मी नऊ वर्षांची असताना बाबांच्या मागं बसून देगलूरहून गावाकडं येत होते. समोर बैलगाडी दिसली आणि मी जोरात ओरडले. बाबांनी दचकून मागं बघितलं आणि आम्ही पडलो. मला हनुवटीला टाके पडले. बाबांचा पाय तेव्हापासून वाकडाच आहे, शेतातून घरी येताना अजून बांधावर दोनदा बसतात. घरात कुणी मला कधी बोललं नाही. पण मी ओरडले नसते तर, हे माझ्या डोक्यातून गेलं नाही. गाडीच्या हॅन्डलला हात लावला की तळवे ओले व्हायचे.

हे मी सिस्टरना एकदा कांदा चिरता चिरता सांगितलं. त्यांनी विचारलं, "तू मागं बसली होतीस. हॅन्डल कुणाच्या हातात होतं?"

"बाबांच्या."

"मग," असं म्हणून त्या वरण फोडणीला टाकायला उठल्या. बास, तेवढंच. मला फार राग आला होता त्या दिवशी. एवढं पोटातलं बोलून दाखवावं आणि बाईनं मोहरी टाकावी!

कोर्स झाला, अर्ज केले, आणि एका दिवशी कंत्राटी नोकरीचा आदेश आला. हिमायतनगर तालुक्यातलं एक उपकेंद्र. पंधरा दिवसांत हजर व्हायचं. मी चौकशी केली, तर एस.टी. जिथवर जाते तिथून उपकेंद्र आठ किलोमीटर आत, आणि उपकेंद्राखाली वाड्या-तांडे धरून आणखी पाच गावं. दुचाकीशिवाय ती नोकरी होणारच नव्हती. दोन दिवस मी तो आदेश पुन्हा पुन्हा वाचत राहिले. मग घरी जाऊन आले. आई म्हणाली, तू बघ. बाबा म्हणाले, "नको गं बाई. देगलूरला कुठल्याही दवाखान्यात लागशील. पगार कमी का असंना." मला सुटल्यासारखं झालं, खरं सांगते. परत येऊन मी नोकरी नको असल्याचं पत्र लिहिलं.

सिस्टरनी ते न विचारता वाचलं. म्हणाल्या, "अक्षर चांगलं हाय तुझं." आणि पत्र घडी करून बसवेश्वरांच्या फोटोमागं सरकवलं.

"सिस्टर, ते पोस्टात टाकायचंय."

"टाकू की. अजून दहा दिवस हायत. तवर एक काम कर. सकाळी माझी गाडी घेऊन पाण्याच्या टाकीपासून कालव्यापर्यंत जायचं, वळायचं आन् परत यायचं. तीन मिनिटांत आलीस तर नोकरीवर जायचं. न्हाई आलीस तर मी स्वतः पत्र पोस्टात टाकते. पुन्हा एक शब्द बोलायची न्हाई."

मी हो का म्हणाले, मला अजून कळत नाही. बहुतेक मला खात्री होती की जमणार नाही, आणि मग कुणालाच काही बोलायला जागा राहणार नाही.

पाण्याच्या टाकीच्या मागं नुसते पाडलेले प्लॉट होते, त्यांच्यामधून एक कच्चा-पक्का रस्ता कालव्याला जायचा. सकाळी सहाला तिथं म्हशींशिवाय कुणी नसायचं. सिस्टर टाकीजवळच्या लिंबाखाली प्लास्टिकची खुर्ची टाकून घड्याळ घेऊन बसायच्या. माझ्या मागं एकदाही बसल्या नाहीत. म्हणायच्या, "मी मागं बसले तर तू मला सांभाळशील, गाडीला न्हाई." ब्रेक कुठला आधी, गॅसची मूठ किती पिळायची, एवढं एकदा दाखवलं आणि सोडलं. पहिल्या दिवशी मी निम्मा रस्ता पाय टेकवत गेले. सात मिनिटं दहा सेकंद.

"अय्यो शिवने! चालत गेली असतीस तर लवकर आली असतीस."

मी गाडी स्टॅन्डला लावून रडायच्या बेतात होते. त्यांनी बघितलंच नाही तिकडं, फक्त मनगट धरून नाडी मोजली. "ही फेरी टायरची झाली. थंड टायर घेऊन कुणी वेळ काढतंय का? आता दुसरी मार." दुसरी, तिसरी, चौथी. रोज सकाळी चार फेऱ्या. भीती हा शब्द त्यांनी त्या नऊ दिवसांत एकदाही काढला नाही. मी काढला की म्हणायच्या, "टायर थंड हाय अजून." वळणावर मी बुजायचे, तर रात्रीच्या भाकरी थापता थापता परातीत पिठावर बोटानं वळण काढून दाखवायच्या, गुरुजी कसा बाहेरून येतो, आत शिरतो, पुन्हा बाहेर जातो. पाचव्या दिवशी चार मिनिटं वीस. आठव्या दिवशी तीन-दहा. मला स्वतःचाच राग यायला लागला. कारण आता ते दहा सेकंद मला हवे होते. नोकरी हवी होती. पत्राकडं बघवेना झालं. हे कधी झालं, कसं झालं, मला कळलं नाही.

नवव्या दिवशी शेवटची संधी. दहावा दिवस पोस्टासाठी ठेवायचा होता. चाचाही आले होते. सिस्टर म्हणाल्या, एकच फेरी धरायची, आधीच्या दोन टायरच्या. दोन मारल्या. तिसऱ्या वेळी टाकीपासून सुटले तेव्हा मला आतूनच कळलं की आज येतंय. कालव्यावरचं वळण एकदम गुरुजींसारखं घेतलं, पाय न टेकवता. परतीचा सरळ रस्ता. आता फक्त शेवटचं वळण, मग लिंब.

आणि त्या वळणावर चाचा बाभळीमागून बाहेर आले आणि दुकानातलं पिवळं फडकं दोन्ही हातांनी डोक्यावर फिरवून ओरडायला लागले.

टीव्हीवर प्रेक्षक झेंडे, फडकी फिरवतात ना, तसं. बिचाऱ्यांना मला जोश द्यायचा होता. पण मला दिसलं ते पिवळं. मी गॅस सोडला, दोन्ही ब्रेक धरले, पाय टेकवला आणि बघायला लागले.

"कोण पडलं, चाचा? कुठं पडलं?"

"अरे कोई नै पडलं बेटा! चलो, चलो! जाओ!"

पण वेळ गेली होती. लिंबापाशी पोचले तेव्हा तीन मिनिटं सोळा सेकंद. सिस्टर खुर्चीवरून उठून चप्पल हातात घेऊन चाचांकडं निघाल्या होत्या. "अक्कल हाय का तुम्हाला? वीस वर्षं टायर विकायलाव, सात वर्षं शनिवार बघायलाव, पिवळं घेऊन आलाव? लाल न्हाई भेटलं? निळं न्हाई भेटलं?" चाचा हात जोडून नुसते "गलती हो गई आपा, गलती हो गई" म्हणत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी तर गाडीवरच बसून रडायला लागले, हमसून हमसून. म्हटलं, "टाका पत्र. बोलणं झालंय आपलं. टाका."

सिस्टर परत आल्या, माझा हात घेतला, मनगट धरलं आणि घड्याळ बघत नाडी मोजायला लागल्या. पूर्ण एक मिनिट. 

"ब्याण्णव. रडून बी ब्याण्णवच. पहिल्या दिवशी एकशेतीस होती." मग म्हणाल्या, "पिवळं दिसलं तवा तू काय बघितलंस?"

"कोण पडलंय ते."

"आपण पडतो का, हे बघितलंस?"

मी नाही म्हणाले. खरंच नव्हतं बघितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, हॅन्डल हातात असताना, माझं स्वतःचं पडणं माझ्या डोक्यात नव्हतं.

"मग आता काय राहिलं?" त्या म्हणाल्या. "बॅग भर."

"पण तीन मिनिटं..."

"फेरी रद्द झाली. रद्द झालेल्या फेरीचा हिशेब कोण धरतंय? चल, भूक लागली." घरी येऊन त्यांनी पत्र फोटोमागून काढलं आणि माझ्या हातात दिलं. मी ते फाडलं. चाचांनी सगळ्यांसाठी जिलेबी आणली आणि सिस्टरची बोलणी पुन्हा एकदा पहिल्यापासून खाल्ली.

मी हिमायतनगरला हजर व्हायला गेले, तेव्हा तिथल्या आरोग्य केंद्रातले क्लार्क आदेश बघून म्हणाले, "तुम्हीच का त्या? तुमच्या आई येऊन गेल्या न्हवं."

मी म्हटलं, माझी आई? माझी आई देगलूरच्या पुढं कधी एकटी गेलेली नाही.

"पांढऱ्या साडीतल्या. कपाळाला विभूती. मी विचारलं कोण लागता, तर म्हणल्या पोरगी माझी हाय. उपकेंद्राचा रस्ता विचारून राहिल्या होत्या. मी म्हणलं, थांबा, संध्याकाळी कुणी तरी गाडीवर सोडंल. ऐकल्या न्हाईत. फाट्याला उतरून पायी गेल्या की! आठ किलोमीटर जाऊन पुन्हा पायी आल्या. दिवस मावळायला इथं पोचल्या, पाय असे टम्म सुजलेले. तांब्याभर पाणी पेल्या आन् म्हणल्या, रस्ता ठीक हाय, पोरगी येईल, जागा दुसऱ्या कुणाला देऊ नका."

कधी, म्हणून विचारलं. त्यांनी हजेरीचं पुस्तक उलटून आठवलं. मी घरी आईबाबांना विचारायला गेले होते, तो शनिवार. पत्र मी अजून लिहिलंसुद्धा नव्हतं. ज्या बाईनं सात वर्षांत भावकीतल्या लग्नासाठीही शनिवार सोडला नव्हता, ती त्या दुपारी मुरमाच्या रस्त्यावरून चालत होती. आणि मला एका शब्दानं बोलली नव्हती.

त्यानंतर चार वर्षं झाली. गुडघे कामातून गेल्यावर सिस्टर लातूरला बहिणीच्या मुलीकडं राहायला गेल्या. गेल्या महिन्यात मी लातूरला गेले, माझ्या गाडीवर नाही, एवढी काही मी गुरुजी झालेली नाही, एस.टी.नं. त्या पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या. चार वर्षं मनात राहिलेलं विचारायचं होतं. मी विचारलं, "सिस्टर, तुम्ही हिमायतनगरला गेला होतात, मला का नाही सांगितलं?"

"काय सांगायचं त्यात? मी तुला जा म्हणणार, आन् रस्ता कसा हाय ते मलाच ठाऊक न्हाई? असं असतंय का? रस्ता वाईट निघाला असता तर तुझं पत्र मीच पोस्टात टाकलं असतं."

"आणि आई म्हणून कशाला सांगितलंत?"

"मग काय, घरमालकीण म्हणून सांगू? घरमालकिणीला कोण बसवून पाणी देतंय?" असं म्हणून त्या हसल्या. मी त्यांच्या सुजलेल्या पायांना तेल लावत होते. त्यांनी पाय काढून घेतला नाही.

उदगीरकडं त्यांच्या घरात आईला अव्वा म्हणतात. आता मी त्यांना अव्वा म्हणते. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा त्यांनी लगेच ओ दिली.